वाचकांचे प्रश्न : सर्व्हरचा पासवर्ड रात्रंदिवस चाचपून बघणाऱ्यांना अडवायचं कसं?

या महिन्यात आलेल्या पत्रांमधली बरीचशी एकाच गोष्टीबद्दल होती, म्हणून यावेळी प्रिंटर, वायफाय, फोनची बॅटरी सगळं बाजूला ठेवतेय आणि अख्खी जागा याच विषयाला देतेय. पहिलं उत्तर लांब झालंय पण ते सगळ्यांनी वाचा, पुढची उत्तरं त्याच्यावरच उभी आहेत.

प्रश्न : ताई नमस्कार, सांगलीत आमचं सॉफ्टवेअरचं छोटं दुकान आहे, दोघंच जण आहोत. बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवाल्यांसाठी आवक-जावक आणि बिलांचं सॉफ्टवेअर बनवलंय, ते भाड्याच्या लिनक्स सर्व्हरवर चालतं, अल्मालिनक्स ९ आहे, रॅम फक्त २ जीबी. दिवाळीत चार दिवस लॉगिनच केलं नव्हतं, नंतर केलं तर स्क्रीनवर आलं की मागच्या यशस्वी लॉगिननंतर १८,००० च्या वर फेल लॉगिन झालेत. झोपच उडाली. कुणी डूख धरून आमच्या मागे लागलंय का, एका स्पर्धकावर तर संशयच आहे. हे थांबवणारं चांगलं सॉफ्टवेअर सुचवा, फुकट असेल तर बरं. – सांगलीहून एक वाचक

उत्तर : आधी त्या स्पर्धकावरचा संशय मनातून काढून टाका. तुमचं नाव, तुमचं दुकान, बेदाणा यातलं काहीच त्या हल्लेखोरांना माहीत नाही. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते म्हणजे आयपीव्ही४ चे, ते एकूण सुमारे ४२९ कोटी आहेत, ऐकायला खूप वाटतात पण २०१३ साली मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाचं टूल आणलं ते एका साध्या मशीनवरून, चांगली लाइन असेल तर, ४५ मिनिटांच्या आत हे सगळे पत्ते एकेकदा ठोठावून येतं. म्हणजे तुम्ही सर्व्हर भाड्याने घेतला आणि चहा पिऊन आलात तेवढ्यात तो कुणाच्या तरी यादीत गेलेला असतो. मग त्या यादीवर प्रोग्राम सोडलेले असतात, ते रूट (सर्वाधिकार असलेलं मुख्य खातं), अ‍ॅडमिन, टेस्ट, ओरॅकल, पोस्टग्रेस अशी नावं आणि त्यांच्याबरोबर नेहमीचे पासवर्ड टाकत बसतात, अंधारात खडे मारत जायचं, कुठेतरी लागतोच. २०१६ मध्ये मिराय नावाच्या मालवेअरने जगभरचे लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले ते फक्त साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या वापरून, बाकी काही हुशारी नव्हती त्यात. तुमच्याकडे खडे मारणारेही बहुतेक असेच आधी कुणीतरी फोडलेले सर्व्हर आणि राउटर असणार, त्यांच्या मालकांना बिचाऱ्यांना पत्ताही नसतो.

त्यामुळे १८,००० या आकड्याला घाबरू नका, उघड्या सर्व्हरवर चार दिवसांत एवढं होणं अगदी रोजचं आहे. काळजी एकाच गोष्टीची करायची, त्यातला एखादा अंदाज बरोबर आला तर काय.

आता सॉफ्टवेअर. तुमच्यासाठी फेलटूबॅन. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, २००४ पासून चालू आहे, सिरिल जाकिए यांनी ते सुरू केलं आणि आज जवळपास प्रत्येक लिनक्सच्या रिपॉझिटरीत, म्हणजे तयार सॉफ्टवेअरच्या कोठारात, मिळतं. काम सोपंय, ते लॉग, म्हणजे सर्व्हर ठेवतो त्या घडामोडींच्या नोंदी, वाचत बसतं, एकाच पत्त्यावरून ठरलेल्या वेळात ठरलेल्यापेक्षा जास्त चुका झाल्या की फायरवॉलला, म्हणजे दारावरच्या पहारेकऱ्याला, सांगून त्या पत्त्याला काही वेळ दार बंद करतं आणि वेळ संपली की परत उघडतं. पायथनमध्ये लिहिलेलं असलं तरी २ जीबीत आरामात चालतं. अल्मालिनक्सवर आधी ईपेल ही जादा रिपॉझिटरी चालू करावी लागेल, त्यातून फेलटूबॅन घ्या, फायरवॉलडी या तुमच्याकडच्या फायरवॉलबरोबर जुळणारं पॅकेज सोबत येतंच. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, डेबियन-उबुंटू या दुसऱ्या लिनक्सवर ते बसवलं की एसएसएचचं (सर्व्हरवर दुरून लॉगिन करायच्या सोयीचं) जेल, म्हणजे त्या सेवेसाठीचा बंदीचा नियम, आपोआप चालू असतं, तुमच्याकडे तसं नाही, तुम्हाला ते स्वतः चालू करावं लागतं. कित्येक लोक बसवतात आणि निर्धास्त होतात, सर्व्हिस हिरवी दिसत असते पण आत एकही जेल चालू नसतं! जेल डॉट कॉन्फ या फाइलला हात लावू नका, अपडेट आलं की ती बदलू शकते, शेजारी जेल डॉट लोकल नावाची स्वतःची फाइल करा आणि त्यात लिहा.

मूळ सेटिंग १० मिनिटांत ५ चुका झाल्या तर १० मिनिटं बंदी असं असतं. इथे जरा हिशेब करून बघूया. १० मिनिटांनी दार उघडलं, परत ५ अंदाज, परत १० मिनिटं, म्हणजे एकाच पत्त्यावरून दिवसाला ७२० च्या आसपास अंदाज मारता येतातच. हजार पत्ते हाताशी असतील तर ७ लाख. म्हणून बंदीचा काळ किमान १ तास करा, आणि ०.११ आवृत्तीपासून वाढत्या बंदीची सोय आलीय ती चालू करा, त्यात तोच पत्ता परत परत सापडला की दरवेळी बंदी आधीपेक्षा लांबत जाते. रेसिडिव्ह नावाचं आणखी एक जेल आहे ते पुन्हा पुन्हा सापडणाऱ्या अशा सराइतांना आठवडाभर बाहेर ठेवतं.

दुसरी नावं पण कानावर येतील म्हणून सांगते. डेनायहोस्ट्स असं जुन्या लेखांमध्ये सापडेल, ते घेऊ नका, ते होस्ट्स डॉट डेनाय या अडवायच्या पत्त्यांच्या फाइलीवर चालायचं आणि ओपनएसएसएचने (लिनक्सवर एसएसएच चालवणाऱ्या नेहमीच्या सॉफ्टवेअरने) त्या फाइलीचा आधार २०१४ मध्येच, ६.७ आवृत्तीत काढून टाकलाय. एसएसएचगार्ड चांगलं आहे, सी भाषेतलं आहे, अगदी कमी जागा घेतं, अर्धा जीबीच्या मशीनवर मी तेच बसवते. क्राउडसेक हे फ्रान्समधल्या कंपनीचं ओपन सोर्स आहे, त्यात एकाच्या सर्व्हरवर पकडलेला पत्ता बाकीच्यांनाही कळतो आणि तो तुमच्याकडे यायच्या आधीच अडतो, कल्पना मला मनापासून आवडते, फक्त नुसतं क्राउडसेक बसवून काही अडत नाही, अडवायचं काम करणारा बाउन्सर वेगळा बसवावा लागतो, आणि पकडलेल्या पत्त्यांची माहिती त्यांच्याकडे जाते हे ठाऊक असू द्या. दहा-वीस सर्व्हर असतील तर ते बघा, एका सर्व्हरला फेलटूबॅन पुरे. ओपनएसएसएचनेही जुलै २०२४ च्या ९.८ आवृत्तीपासून स्वतःमध्येच चुका करणाऱ्या पत्त्याला काही वेळ लांब ठेवायची सोय दिलीय आणि ती आपोआप चालू असते, पण तुमच्या अल्मालिनक्स ९ मध्ये ८.७ आहे म्हणजे तुम्हाला ती नाही.

एवढं सगळं सांगून आता जे खरं सांगायचंय ते सांगते आणि हे मला फार कळकळीने वाटतं. तुम्ही सॉफ्टवेअर विचारलंत, मी सांगितलं, पण ते दुसऱ्या नंबरचं काम आहे. पहिलं काम म्हणजे पासवर्डने आत यायची वाटच बंद करायची. बंदी घालणारं सॉफ्टवेअर एकेका पत्त्याच्या चुका मोजतं, आणि हे हल्लेखोरांना माहीत आहे. २००८ मध्येच नॉर्वेच्या पीटर हॅनस्टीन यांनी नोंदवलं होतं की शेकडो वेगवेगळी मशीनं मिळून एकाच सर्व्हरवर अगदी सावकाश अंदाज मारतायत, एका पत्त्यावरून एखादाच अंदाज, मग बराच वेळ शांत, मग दुसऱ्या पत्त्यावरून. ५ चुकांची मर्यादा कुणी ओलांडतच नाही तर फेलटूबॅन पकडणार कुणाला? तेच पासवर्डच नसेल तर ओळखणार काय, हजार पत्त्यांवरून वर्षभर खडे मारले तरी मारायला निशाणाच नाही.

म्हणून एसएसएचची किल्ली वापरा, म्हणजे पासवर्डऐवजी ओळख पटवणारी फाइलींची जोडी. आपल्या लॅपटॉपवर ईडी२५५१९ प्रकारची जोडी तयार करायची, विंडोज १० आणि ११ मध्ये त्यासाठी वेगळं काही घ्यावं लागत नाही, पॉवरशेलमध्येच एसएसएच-कीजेन असतं. जोडीतली पब्लिक की सर्व्हरवर ठेवायची, प्रायव्हेट की लॅपटॉपवरून कुठेही हलवायची नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर तर अजिबात पाठवायची नाही, आणि तिला पासफ्रेज, म्हणजे ती उघडायचा लांब पासवर्ड, घालायचा. तुम्ही दोघं आहात तर दोघांचे युजर वेगळे, दोघांच्या किल्ल्या वेगळ्या, एकच किल्ली वाटून घेऊ नका, उद्या एकाचा लॅपटॉप चोरीला गेला तर तेवढीच एक ओळ ऑथराइज्ड कीज या सर्व्हरवरच्या किल्ल्यांच्या यादीतून काढली की झालं. किल्लीने लॉगिन नीट होतंय हे दोनदा बघा, मग एसएसएचच्या सेटिंगमध्ये पासवर्ड ऑथेंटिकेशन आणि केबीडी-इंटरॅक्टिव्ह ऑथेंटिकेशन दोन्ही नो करा, आणि रूटने थेट यायचंही बंद करा. दोन्हीतलं एकच बंद केलं तर पासवर्ड विचारायची दुसरी वाट उघडी राहू शकते. सर्व्हिस रीस्टार्ट करताना चालू खिडकी बंद करू नका, दुसरी खिडकी उघडून आत येता येतंय का बघा आणि मगच पहिली सोडा, ही सवय लावून घ्या, माझ्या पहिल्या नोकरीत मी खिडकी आधी बंद केली होती आणि त्या रात्री दीड वाजता डेटा सेंटरला फोन करावा लागला होता.

अजून एक खाचखळगा. एसएसएचच्या मुख्य फाइलशेजारी त्याच नावाचा एक फोल्डर असतो, त्यातल्या फाइली आधी वाचल्या जातात आणि जी किंमत आधी सापडते तीच धरली जाते. भाड्याच्या सर्व्हरवर तिथे क्लाउड-इनिटची (नवा सर्व्हर आपोआप मांडून देणाऱ्या प्रोग्रामची) एक फाइल बसलेली असू शकते आणि तिच्यात पासवर्ड ऑथेंटिकेशन यस असं असतं, मग तुम्ही मुख्य फाइलीत नो लिहून खूश आणि दार सताड उघडं. एसएसएचडीला, म्हणजे सर्व्हरवरच्या एसएसएचच्या प्रोग्रामला, कॅपिटल टी हा पर्याय देऊन चालवलं की खरी लागू असलेली सगळी सेटिंग छापून येतात, तिथे नो दिसलं तरच विश्वास ठेवा.

मग फेलटूबॅनची गरज उरते का? उरते. एक तर लॉग स्वच्छ राहतो आणि खरंच काही वेगळं घडलं तर ते दिसतं. दुसरं जास्त महत्त्वाचं, तुमच्या बिलांच्या सॉफ्टवेअरचं स्वतःचं लॉगिन पान आहे ना, कोल्ड स्टोरेजचे लोक तिथे पासवर्ड टाकूनच येणार, तिथे किल्ल्या देता येणार नाहीत. तुमच्या प्रोग्राममध्ये प्रत्येक चुकलेल्या लॉगिनला वेळ, युजर आणि आयपी अशी एक ओळ लॉगमध्ये लिहायची सोय करा, फेलटूबॅनला त्या ओळीचा नमुना शिकवा, झालं तुमचं स्वतःचं जेल. हे दुपारभराचं काम आहे, आणि कृपा करून करा, कारण शेतकऱ्याच्या मालाच्या पावत्या त्या पानाच्या आड आहेत.

प्रश्न : आमचं कर सल्लागाराचं ऑफिस आहे, टॅली विंडोज सर्व्हरवर ठेवलंय आणि आठ जण घरून रिमोट डेस्कटॉपने काम करतात. फेलटूबॅन विंडोजवर चालतं का? इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४६२५ नंबरच्या (चुकलेल्या लॉगिनच्या) नोंदी मिनिटाला पाच-सहा येतायत. – नाशिकहून एक वाचक

उत्तर : नाही चालत, पण ते नंतर बघू. आधी मला सांगा, ३३८९ हा पोर्ट, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचं दार, सगळ्या जगाला उघडा आहे का? नोंदी बघता आहेच. ताई म्हणून सांगते, हे वाचून झालं की आजच बंद करायची व्यवस्था करा. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या टोळ्या ज्या वाटांनी सर्वात जास्त आत येतात त्यातली ही एक आहे, आणि तुमच्याकडे तर दुसऱ्यांचे पॅन, बँकेचे तपशील, रिटर्न सगळं पडलंय. मार्चएंडला हे घडलं तर काय होईल हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आठच माणसं आहेत म्हणजे व्हीपीएन, इंटरनेटमधून ऑफिसपर्यंतचा खाजगी बोगदा, सहज जमेल. वायरगार्ड फुकट आहे, विंडोजचं क्लायंट नीट चालतं, प्रत्येकाला एक फाइल दिली की तो बटण दाबून आत येतो आणि मग नेहमीसारखं रिमोट डेस्कटॉप उघडतो. वायरगार्डची मला आवडणारी गोष्ट म्हणजे ज्याच्याकडे किल्ली नाही त्याला ते उत्तरच देत नाही, बाहेरून बघणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही. मग ३३८९ फक्त व्हीपीएनच्या आतून उघडा ठेवायचा.

तोपर्यंतचे चार-आठ दिवस काढायला आयपीबॅन नावाचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, ते विंडोजच्या इव्हेंट लॉगमधून चुकलेली लॉगिनं वाचतं आणि विंडोज फायरवॉलमध्येच पत्ते अडवतं, म्हणजे फेलटूबॅनचं काम करतं. आरडीपीगार्ड पण आहे, ते पैसे देऊन घ्यावं लागतं, वापरायला सोपं आहे.

अकाउंट लॉकआउट पॉलिसीबद्दल सांगायलाच हवं. दहा चुका झाल्या की खातं दहा मिनिटं बंद, असं ठेवता येतं आणि विंडोज ११ च्या २२एच२ पासून मायक्रोसॉफ्टने हेच डीफॉल्ट केलंय. जरूर ठेवा, पण पोर्ट उघडा ठेवून नुसती हीच पॉलिसी लावली तर बाहेरचा बॉट (आपोआप चालणारा प्रोग्राम) सतत चुका करत राहतो आणि तुमच्याच माणसाचं खातं दिवसभर बंद पडलेलं राहतं, हल्लेखोर आत येत नाही पण तुम्हीही नाही. म्हणून परत तेच, दार आधी बंद. पोर्ट नंबर बदलून ३३८९ चं दुसरं काही केलं असं कुणी सुचवलं तर त्याने चार दिवस शांतता मिळते, एवढंच. आणि बॅकअपची एक प्रत सर्व्हरपासून तोडलेली, म्हणजे वायर काढून कपाटात ठेवलेल्या डिस्कवर असू द्या.

प्रश्न : मी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या क्लबसाठी उबुंटू सर्व्हर घेतलाय. एसएसएचचा पोर्ट २२ वरून २२२२ केला, फेलटूबॅन बसवलं, ते बॅन पण करतंय असं दाखवतं, तरी तोच आयपी लॉगमध्ये येतच राहतो आणि फेलटूबॅनच्या लॉगमध्ये 'ऑलरेडी बॅन्ड' असं लिहून येतं. बॅन झाला तर येतोच कसा? – कोल्हापूरहून एक विद्यार्थी

उत्तर : खूप चांगलं निरीक्षण आहे रे, लॉग नीट वाचल्याशिवाय हे दिसत नाही. एसएसएचच्या जेलमध्ये पोर्ट म्हणून 'एसएसएच' असं नाव लिहिलेलं असतं आणि त्या नावाचा अर्थ २२. तू दार २२२२ वर हलवलंस पण फेलटूबॅनला सांगितलं नाहीस, त्यामुळे ते त्या पत्त्याला अगदी इमानेइतबारे २२ वर अडवतंय, जिथे आता कुणी राहतच नाही. जेल डॉट लोकलमध्ये पोर्ट २२२२ लिही, रीलोड कर, ऑलरेडी बॅन्ड बंद होईल. हीच गोष्ट डॉकरबाबत (प्रोग्राम वेगवेगळ्या डब्यांत, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवायची सोय) पण होते, डॉकरने बाहेर उघडलेला पोर्ट फायरवॉलच्या वेगळ्या साखळीतून जातो, तिथे बंदी लागायला डॉकर-युजर ही साखळी सांगावी लागते. उबुंटूच्या यूएफडब्ल्यू या फायरवॉलने पोर्ट बंद केलाय असं समजून डेटाबेसचा कंटेनर जगाला उघडा ठेवलेले प्रोजेक्ट मी मुलांचे बरेच बघितलेत, तुझं एकदा बाहेरून तपासून घे.

पोर्ट बदलल्याने गोंगाट कमी होतो हे खरं, त्याला सुरक्षा समजू नकोस. २२ हा नंबर तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच लिहिलं तेव्हाचा, हेलसिंकीच्या त्यांच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी येणारे-जाणारे पासवर्ड चोरून वाचत होतं म्हणून त्यांनी ते बनवलं. म्हणजे पासवर्ड वाटेत चोरता येऊ नये यासाठी जे आलं त्याच्याच दारात आज लोक पासवर्ड ओळखत बसलेत. किल्ली वापर, वरचं सांगलीचं उत्तर वाच.

प्रश्न : माझ्याच सर्व्हरने मला बाहेर काढलंय! हॉस्टेलच्या वायफायवरून दोनतीन वेळा पासवर्ड चुकला, बहुतेक रूममेटचाही चुकला, आता कनेक्शनच होत नाही. सबमिशन उद्या आहे. – छत्रपती संभाजीनगरहून एक वाचक

उत्तर : तुमचं सबमिशन हे छापून येईपर्यंत होऊन गेलेलं असेल, तुम्हाला वेगळं कळवलंय, पण बाकीच्यांच्या उपयोगाचं आहे म्हणून इथेही देते. फोनचा हॉटस्पॉट चालू करा, लॅपटॉप त्याला जोडा, तुमचा बाहेर दिसणारा पत्ता बदलतो आणि आत जाता येतं, मग फेलटूबॅन-क्लायंटला अनबॅनआयपी सांगून हॉस्टेलचा पत्ता सोडवा. तेही जमलं नाही तर सर्व्हर भाड्याने देणाऱ्याच्या वेबसाइटवर कन्सोल असतो, तो नेटवर्कच्या बाजूने येतच नाही म्हणून त्याला बंदी लागत नाही.

हॉस्टेलची सगळी मुलं बाहेरून एकाच पत्त्यावरून दिसतात म्हणून दोघांच्या चुका एकाच्या खात्यात जमा झाल्या. मोबाइल कंपन्यांचंही तसंच असतं, एका आयपीव्ही४ पत्त्यामागे पुष्कळ ग्राहक असतात. त्यामुळे कायमची बंदी घालू नका, काही तासांची, वाढत जाणारी ठेवा, आज जो पत्ता बॉटचा आहे तो उद्या तुमच्याच ग्राहकाला मिळू शकतो. ऑफिसचा पत्ता कायमचा ठरलेला असेल तर तो फेलटूबॅनच्या इग्नोरआयपी या सूट दिलेल्या पत्त्यांच्या यादीत टाका, बदलता असेल तर टाकू नका.

प्रश्न : आमच्या गावच्या वाचनालयाची वर्डप्रेसवर वेबसाइट आहे, होस्टिंग शेअर्ड आहे, लॉगिन पानावर सतत हल्ले होतात असं होस्टिंगवाल्यांचं मेल आलं. आम्हाला यातलं काही कळत नाही. – चिपळूणहून वाचनालयाच्या एक कार्यकर्त्या

उत्तर : शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेकांच्या साइट एकाच सर्व्हरवर असतात तिथे, फेलटूबॅन तुम्हाला बसवता येत नाही आणि गरजही नाही. तीन गोष्टी करा ताई. लिमिट लॉगिन अटेम्प्ट्स रीलोडेड हे प्लगिन टाका, लॉगिनला फोनवरच्या कोडची दुसरी पायरी जोडून घ्या, आणि एक्सएमएल-आरपीसी बंद करायला होस्टिंगवाल्यांना सांगा, ती जुनी सोय आहे, बाहेरच्या अ‍ॅपमधून लेख टाकण्यासाठीची, तुम्ही ती वापरत नसाल आणि लॉगिन पान सोडून पासवर्ड चाचपायची ती दुसरी वाट आहे. युजरचं नाव अ‍ॅडमिन असेल तर नवीन नावाने खातं काढून जुनं पुसून टाका, आणि जुने कार्यकर्ते ज्यांनी काम सोडलं त्यांची खाती पण.

स्वतःच्या सर्व्हरवर वर्डप्रेस चालवणाऱ्यांसाठी एक इशारा, साइट क्लाउडफ्लेअर या मध्ये बसणाऱ्या सेवेच्या मागे असेल तर लॉगमध्ये खरा पाहुणा न दिसता क्लाउडफ्लेअरचा पत्ता दिसतो, त्यावर बंदी घातली की सगळेच वाचक बाहेर. खरा पत्ता लॉगमध्ये येईल असं वेबसर्व्हरचं सेटिंग आधी करा, आणि बंदीसुद्धा क्लाउडफ्लेअरकडेच घालावी लागते कारण तुमच्या फायरवॉलला तर तेच दिसत असतात.

प्रश्न : मी जर्मनीत असतो, पुण्यात आईबाबांच्या घरी फोटोंसाठी छोटा सर्व्हर ठेवलाय. भारत आणि जर्मनी सोडून बाकी सगळे देश ब्लॉक केले तर पुरेसं होईल का? – श्टुटगार्टहून एक वाचक

उत्तर : नाही. हल्ला करणारं मशीन भाड्याचं किंवा फोडलेलं असतं, ते भारतात असू शकतं, जर्मनीत तर डेटा सेंटरं भरपूर आहेत. घरचा सर्व्हर इंटरनेटला दाखवायचंच काही कारण नाही, टेलस्केल हे व्हीपीएन बसवा, ते वायरगार्डवरच चालतं आणि राउटरवर एकही पोर्ट उघडावा लागत नाही, घरच्या कनेक्शनला स्वतंत्र पत्ता मिळत नसला तरी चालतं. आईच्या फोनवर पण टाकून द्या, फोटो तिलाही बघायचेच असणार.

प्रश्न : एखादा अंदाज आधीच बरोबर आलेला असेल तर ते कसं ओळखायचं? आमच्या सर्व्हरचा सीपीयू आठवडाभर १०० टक्क्यांवर आहे आणि पासवर्ड खरं सांगायचं तर संस्थेचं नाव आणि पुढे @१२३ असाच होता. – पुण्याहून एक वाचक

उत्तर : पासवर्डबद्दल खरं लिहिलंत हे बरं केलंत, त्यामुळे सरळ उत्तर देता येतं, मी तुमच्या जागी असते तर सर्व्हर फुटलाय असंच धरून चालले असते. खात्री करायची तर लॉगमध्ये फेल झालेल्या ओळी बघत बसू नका, 'अ‍ॅक्सेप्टेड पासवर्ड' असं लिहिलेल्या ओळी शोधा, डेबियन-उबुंटूवर ऑथ डॉट लॉग आणि रेड हॅट घराण्यात (अल्मालिनक्सही त्यातलंच) सिक्युअर नावाची फाइल. डेबियन १२ मध्ये ऑथ डॉट लॉग नसतेच बहुतेक, तिथे सिस्टिमडीच्या जर्नल या नोंदवहीत बघायचं, आणि जाता जाता सांगते की याच कारणाने तिथे फेलटूबॅन फाइल सापडत नाही म्हणून सुरूच होत नाही, त्याला बॅकएंड सिस्टिमडी असं सांगावं लागतं. तर त्या ओळींमध्ये तुमचा नसलेला पत्ता, तुमची नसलेली वेळ दिसते का बघा. मग ऑथराइज्ड कीज मध्ये तुम्ही न टाकलेली किल्ली आहे का, क्रॉनटॅबमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत) अनोळखी ओळ आहे का, नवीन युजर आहे का. आठवडाभर १०० टक्के सीपीयू म्हणजे बहुतेक वेळा कुणीतरी तुमच्या विजेवर क्रिप्टो खणत असतं, ही मंडळी आत आल्या आल्या तेच करतात.

काही सापडलं तर साफ करत बसू नका. आत आलेल्याने लॉग पुसलेले असू शकतात, नेहमीच्या कमांड बदललेल्या असू शकतात, तुम्ही एक वाट बुजवाल आणि दुसरी राहील. आधी डिस्कचा स्नॅपशॉट, म्हणजे आहे तशी प्रत, काढा, पुरावा म्हणून लागतो. मग सर्व्हर नेटवर्कवरून तोडा. नवीन सर्व्हर कोरा घ्या, पहिल्या दिवसापासून किल्ल्यांवर ठेवा, डेटा फक्त घटनेच्या आधीच्या बॅकअपमधून आणा आणि त्या सर्व्हरवर जे जे पासवर्ड, डेटाबेसचे, मेलचे, पेमेंटचे टोकन पडलेले होते ते सगळे बदला, हे शेवटचं लोक विसरतात आणि महिन्याभराने दुसऱ्याच दारातून चोर येतो.

संस्था आहे म्हणून कायद्याची बाजूही आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत त्यांना कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात. ६ तास फार कमी असतात, सगळा तपास झाल्यावर कळवू असं म्हणू नका, आहे तेवढं कळवा आणि पुढचं नंतर पाठवा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन, बँकेच्याही आधी गेला तरी चालेल. आणि संस्थेच्या सभासदांची माहिती त्या सर्व्हरवर होती का ते तुमच्या पत्रात नाहीये, असेल तर त्यांना स्वतःहून सांगा, नोटीस बोर्डावर न लावता प्रत्येकाला, साध्या मराठीत, काय गेलं असू शकतं आणि त्यांनी कुठला पासवर्ड बदलायचा ते. मसुदा लिहायला अडचण आली तर मला पाठवा, मी बघून देईन.